मशेरी दाताला, घाव मेंदूला

सकाळी उठलं की आधी मशेरी लावायची, मगच कामाला हात घालायचा, ही सवय आपल्यापैकी कितीतरी जणींना आहे. "दात घट्ट राहतात, पोट साफ होतं," असं आपण म्हणतो. पण तव्यावर भाजली तरी मशेरी म्हणजे तंबाखूच. ती डोक्यातल्या रक्ताचं काय करते, ते आज बघूया.

मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाएवढं. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पाचवा-सहावा हिस्सा तो एकटा घेतो. रक्त थांबलं तर काही मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात.

मशेरीतलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरतं. तरतरी येते ती त्यामुळेच. पण त्याच वेळी रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. पाण्याच्या पाइपाचं तोंड दाबून मोटर जोरात चालवावी, तसं होतं. दिवसातून चार-पाच वेळा मशेरी, म्हणजे चार-पाच वेळा हा ताण. ज्यांना आधीच बीपी आहे, त्यांना धोका जास्त. मेंदूतली रक्तवाहिनी गाठीने बंद झाली किंवा फुटली, की लकवा मारतो.

तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर "वारं गेलं" म्हणून मालीश करत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा. गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. रक्त पातळ करणारी गोळी घरीच देऊ नका. आत रक्तस्राव होत असेल, तर तीच गोळी घात करेल. पाणीही पाजू नका, ठसका लागून ते छातीत जाऊ शकतं.

आणि बीपीची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून मनाने बंद करू नका.

मशेरी सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते. काही आठवड्यांत ते कमी होतं. मदतीसाठी 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलवा, सगळ्यांचं बीपी मोजून घ्या आणि मशेरी सोडायचा एक दिवस मिळून ठरवा. एकटीला जड जातं, दहा जणींना सोपं होतं.