कप भरलेला, कप रिकामा : पडद्यावरच्या चुका कशा होतात?

संध्याकाळच्या भाकरी उरकल्या की आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या घराघरांत टीव्ही लागतो. आणि मालिका सुरू झाली की एखादी तरी म्हणतेच, "अवं, आत्ता तर तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, लाल कवा झाल्या?" घरची मंडळी वैतागतात, "तू गोष्ट पाय ना, बांगड्या काहून पायतं?" आज मी त्या बांगड्या पाहणाऱ्या बाईच्या बाजूनं बोलणार आहे.

सिनेमा आणि मालिका करणारे लोक याला 'कंटिन्युइटी'ची चूक म्हणतात. आपण साधं सलगपणा म्हणू. एका क्षणी कप भरलेला, दुसऱ्या क्षणी रिकामा, तिसऱ्या क्षणी पुन्हा भरलेला, म्हणजे सलगपणा तुटला. हे होतं कसं?

लग्नातला व्हिडिओवाला आठवा. हार घालून झाले की तो म्हणतो, "पुन्हा एकदा घाला, इकडं बघून." पहिल्या वेळी नवरीच्या मागं मामी उभी असते. दुसऱ्या वेळी ती पंगतीकडं गेलेली असते. हे दोन तुकडे जोडले की मामी जागच्या जागी गायब! मालिकेत हेच रोज चालतं. सासू-सुनेचं दोन मिनिटांचं बोलणं आधी सुनेच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवून घेतात. मग कॅमेरा, दिवे सगळं फिरवून तेच बोलणं सासूच्या बाजूनं घेतात. मधे बराच वेळ गेलेला असतो. चहा गार झालेला, पदर सरकलेला, कपाळावरची टिकली बदललेली. शिवाय प्रसंग गोष्टीच्या क्रमानं घेत नाहीत. एकाच देवघरातले चार वेगवेगळ्या भागांतले प्रसंग एका दिवशी उरकतात. आपण जे सोमवार ते शनिवार ओळीनं पाहतो, ते उलटसुलट शिवलेल्या गोधडीसारखं असतं.

घोडे, बंदुका, डाकू आणि ओसाड डोंगर अशा चित्रांना अमेरिकेत 'वेस्टर्न' म्हणतात. त्यांत तर चुका सापडण्याची हमखास सोय. गोष्ट शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची, आणि घोडेस्वाराच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा दिसतो, नाहीतर मातीत गाडीच्या टायरची नक्षी. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून दहा बार निघतात. हाणामारीत पडलेली टोपी पुढच्या क्षणी डोक्यावर असते. तिथं 'बोनान्झा' नावाची मालिका १९५९ ते १९७३ अशी १४ वर्षं चालली. त्यांनी यावर एक युक्ती काढली. मुख्य पात्रांना जवळजवळ प्रत्येक भागात तेच ते कपडे घालायचे. म्हणजे घोडा दौडवण्याचं जुनं चित्रीकरण नव्या भागात जोडता येई, आणि नटाच्या जागी दुसरा स्वार बसवला तरी कळत नसे.

आपल्याकडचा त्याच वळणाचा, सगळ्यांनी पाहिलेला सिनेमा म्हणजे 'शोले'. तो १५ ऑगस्ट १९७५ ला आला. त्यातलं रामगढ कर्नाटकात रामनगरच्या खडकांपाशी उभारलेलं होतं. रेल्वेवरच्या दरोड्याचा प्रसंग मात्र आपल्या पनवेलजवळ, मुंबई-पुणे मार्गावर घेतला, आणि त्याला सात आठवड्यांहून जास्त लागले. शेकडो मैलांवरच्या या दोन जागा पडद्यावर एकाच मुलुखातल्या वाटतात. हे सलगपणा राखल्याचं फळ.

राधा संध्याकाळी दिव्यांपाशी दिसते, ते दोन छोटे प्रसंग आठवतात? त्यांना २० दिवस लागले. दिवेलागणीचा तो उजेड रोज काही मिनिटंच टिकतो. उजेड गेला की काम बंद, उरलेलं उद्या. दुपारचा एक तुकडा मधे आला असता तर आपल्या डोळ्याला लगेच खटकला असता.

गब्बरच्या पिस्तुलाचा हिशेबही पाहा. सहा गोळ्या, समोर तीन माणसं. तीन गोळ्या तो हवेत उडवतो, उरतात तीन. पुढं बरोबर तेवढ्याच सुटतात. आपल्या बचत गटाच्या वहीसारखा चोख हिशेब!

तरीही 'शोले'त लोकांनी चुका काढल्याच. ठाकूरला हात नाहीत, पण शेवटच्या मारामारीत सदऱ्याच्या आत हातांचा आकार कळतो, असं चाहते दाखवतात. दुसरी तर सगळ्यांना ठाऊक आहे. गावात वीज नाही, म्हणून कंदील. मग वीरू ज्या उंच टाकीवर चढतो, तिच्यात पाणी चढवलं कसं? शहरातली माणसं यावर खूप हसतात. आपल्याला मात्र त्यात नवल वाटू नये. टाकी उभी आहे आणि तिच्यात पाणी नाही, असं गाव पाहायला आपल्याला सिनेमा कशाला लागतो?

शेवट तर दोनदा घेतला. आधी ठाकूर गब्बरला मारतो असा होता. सेन्सॉरनं हरकत घेतली, म्हणून पोलीस येऊन त्याला धरतात असा नवा घेतला. विचार करा, तेच कपडे, तीच धूळ, तीच जखम पुन्हा त्याच जागी आणायची!

हे सगळं ध्यानात ठेवायला सेटवर एक माणूस असतो. कोणता हात वर होता, पेला किती भरला होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे तो वहीत टिपतो. आता मोबाईलवर फोटोही काढून ठेवतो. हॉलिवूडमध्ये हे काम कित्येक वर्षं मुख्यतः बायकाच करत आल्या, आणि त्यांना 'स्क्रिप्ट गर्ल' म्हणत. पडद्यावर त्या कधी दिसल्या नाहीत. त्यांचं काम चांगलं झालं की ते कोणाला दिसतच नाही. घरकामासारखंच की!

आणि हो, प्रत्येक चूक नजरचुकीनं राहते असं नाही. एका वेळी कप बरोबर असतो पण रडणं खोटं वाटतं. दुसऱ्या वेळी रडणं खरं उतरतं पण कप चुकतो. तुकडे जोडणारा संकलक खरं रडणं ठेवतो आणि कप सोडून देतो. माझ्या मते बरोबरच करतो.

पण हीच जोडाजोडी आता आपल्या हातातल्या मोबाईलमध्येही आली आहे. मागं आमच्या ओळखीच्या एका गटाच्या अध्यक्ष बाईंचा छोटा व्हिडिओ गावभर फिरला. कोणीतरी विचारतं, "पैसे कुठं गेले?" आणि बाई काही न बोलता उठून जातात. दोन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. गटातली एक म्हातारी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होती. ती म्हणाली, "अवं, पैल्यांदा चहाचे कप भरेल हायेत. बाई उठते तवा कप एकात एक घालून ठेवेल हायेत. मधातला चहा कोनं पेला?" मग मूळ व्हिडिओ शोधला. मधल्या वेळात बाईंनी पूर्ण हिशेब वाचून दाखवला होता. बैठक संपली म्हणून त्या उठल्या होत्या. तेवढा भाग कापलेला होता.

एक गोष्ट सांभाळा. कप बदलला म्हणजे व्हिडिओ खोटा, असं लगेच ठरवू नका. मधे कात्री चालली, एवढंच त्यातून कळतं. का चालली, ते विचारावं लागतं. आणि कप बदलला नाही म्हणजे सगळं खरं, असंही नाही. पण कोणा बाईची बदनामी पुढं पाठवण्याआधी एकदा सावली, घड्याळ, पदर आणि कप पाहा. ते चुकत असतील तर पाठवणाऱ्याला म्हणा, "पूर्ण व्हिडिओ दाखव."

आणि आज रात्री मालिका पाहताना कोणी म्हणालं, "बांगड्या काहून पायतं?" तर त्याला सांगा, सवय मोडू नये म्हणून पाहते.