'बेंगॉल'ने क्रूझर बुडवली?

११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला झालेली ही लढत आपल्याकडे साधारण अशी सांगतात: रॉयल इंडियन नेव्हीच्या चिमुकल्या माइनस्वीपर 'बेंगॉल'ने एकटीने जपानी क्रूझर बुडवली. यात बरीच दुरुस्ती हवी.

गैरसमज: माइनस्वीपरचं काम फक्त सुरुंग काढणं.
सिडनीत बांधलेली 'बेंगॉल' बाथर्स्ट वर्गातली. या बोटी मुळातच बहुउद्देशी होत्या. सुरुंग काढायचे, पाणबुड्यांवर नजर ठेवायची, मालवाहू जहाजांना सोबत करायची. त्या दिवशी ती 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजासोबत होती. तसे माइनस्वीपर सुरुंग जाळ्यात गोळाही करत नाहीत. पाण्यात ओढत नेलेल्या तारेवरच्या कातऱ्या सुरुंगाचा नांगरदोर कापतात, सुरुंग वर येतो आणि मग तो गोळ्या झाडून निकामी करतात.

गैरसमज: समोर क्रूझर होती.
होत्या दोन, 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू', पण दोन्ही तोफा चढवलेली प्रवासी-मालवाहू जहाजं. म्हणून सामना सोपा होता असं मात्र नाही. प्रत्येक दहा हजार टनांहून मोठं, वेग २० नॉटच्या वर, शिवाय टॉर्पेडो आणि विमानंही. 'बेंगॉल' जेमतेम ५७ मीटर लांब, वेग १५ नॉट; चार इंची तोफ मिळायची होती, मिळाली तीन इंची.

गैरसमज: बुडवली ती 'बेंगॉल'नेच.
'बेंगॉल'चे कॅप्टन विल्सन यांनी 'ओंडिना'ला निसटायला सांगितलं आणि स्वतः बोट शत्रूवर घातली. 'ओंडिना'चे कॅप्टन हॉर्समन यांनी मात्र आपल्या चार इंची तोफेने मारा सुरू केला. 'होकोकु मारू'वर आग लागली, प्रचंड स्फोट झाला, ती बुडाली. तो निर्णायक गोळा कुणाचा, यावर दोन्ही बोटींच्या बाजूने दावे आहेत. आज बहुतेक अभ्यासक 'ओंडिना'कडे झुकतात, आणि तोफांचा आकार पाहता मलाही तेच पटतं. पण यात 'बेंगॉल'चं काय कमी होतं? तिने शत्रूचे गोळे अंगावर ओढून घेतले, हे श्रेय कुणी नाकारत नाही.

गैरसमज: 'बेंगॉल'ने सोबतीणीला वाऱ्यावर सोडलं.
दारूगोळा संपत आल्यावर ती दिएगो गार्सियाकडे वळली. 'ओंडिना' बुडाली असंच तिच्यावरच्यांना वाटत होतं. हॉर्समन मारले गेले होते, दोन टॉर्पेडो लागले होते, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर मशीनगन चालली होती. तरी वाचलेले खलाशी जहाजावर परतले, आगी विझवल्या आणि आठवडाभरात फ्रीमँटल गाठलं. 'बेंगॉल'वर एकही जण मेला नाही.