परदेशात आरोग्यसेवेसाठी जायचे आहे? आधी हे तपासा

काही दिवसांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आमच्याकडे सल्ला घ्यायला आली. आफ्रिकेतील एका दवाखान्यात दोन आठवडे ‘मेडिकल व्हॉलंटियर’ म्हणून काम, शेवटी प्रमाणपत्र, अनुभवाची अट नाही, अशी जाहिरात तिने मोबाईलवर पाहिली होती. फी दीड लाखाच्या घरात, विमानाचे तिकीट वेगळे. वडील पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार होते. आम्ही तिला एवढेच विचारले, “आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तुला कोणी इंजेक्शन देऊ देईल का?” ती म्हणाली, “नाही.” “मग तिथल्या माणसाला ते का द्यायचे?”

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज नर्सिंग, फार्मसी, एम.एस.डब्ल्यू., सार्वजनिक आरोग्य असे शिक्षण घेत आहेत. त्यांना जगभर काम करावेसे वाटते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. गरजही खरी आहे. 2030 पर्यंत जगात सुमारे 1 कोटी 10 लाख आरोग्य कर्मचाऱ्यांची कमतरता असेल आणि तिचा मोठा भार गरीब देशांवर पडेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण ही कमतरता प्रशिक्षित आणि टिकून राहणाऱ्या माणसांची आहे. दोन आठवड्यांच्या पाहुण्यांनी ती भरून निघत नाही. उलट त्यांना काम समजावण्यात तिथल्या नर्सचा वेळ जातो.

चांगला हेतू पुरेसा नसतो

युगांडातील जिंजा शहराचे उदाहरण पाहा. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने तिथे कुपोषित बालकांसाठी केंद्र सुरू केले. काही वर्षांत तिथे दाखल झालेल्या मुलांपैकी शंभराहून अधिक मुले दगावली. 2015 मध्ये जिल्हा प्रशासनाने केंद्र बंद केले. ही तरुणी स्वतः उपचार करत होती, असा आरोप करत 2019 मध्ये दोन मातांनी न्यायालयात दाद मागितली. संस्थेने आरोप नाकारले. 2020 मध्ये जबाबदारी मान्य न करता भरपाई देऊन तडजोड झाली. दाखल होणारी मुले आधीच अत्यवस्थ होती, हेही खरे. पण मुख्य प्रश्न उरतोच: गरिबाच्या मुलावर उपचार करायला पात्रता लागत नाही, असे आपण कधीपासून मानू लागलो? सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या आई-वडिलांवर कोणी असा ‘सराव’ केला असता तर?

सोलापूरच्या डॉक्टरांचा धडा

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनकडून मदतीची विनंती आली, तेव्हा 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले आणि बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. प्रत्येकाने एवढा त्याग करावा, असे आम्ही म्हणत नाही. मात्र बोलावणे होते, कौशल्य होते, भाषा शिकण्याची तयारी होती आणि मागे शिकलेली माणसे राहिली, या चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

खरे मार्ग कोणते?

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम 1970 पासून चालू आहे. तो उमेदवाराकडून फी घेत नाही. उलट राहण्या-खाण्यासाठी दरमहा भत्ता देतो. 18 ते 26 वयाच्या तरुणांसाठी त्यात वेगळी संधी आहे. घरबसल्या करायचे ऑनलाइन काम आहे: भाषांतर, माहितीचे संकलन, आराखडे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था डॉक्टर-नर्सकडून आधी कामाचा अनुभव मागते आणि त्यांना पगार देते. तिथे हिशेब, साठा, पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांनाही काम असते. म्हणजे वैद्यकीय पदवी नसली तरी दार बंद नाही, मात्र काहीतरी नीट येत असले पाहिजे.

पैसे भरण्याआधी विचारा

1. तिथल्या दवाखान्याने ही मदत मागितली आहे का, की ती एजन्सीची कल्पना आहे?
2. आपल्या फीपैकी किती रक्कम दवाखान्याला मिळते? लेखी उत्तर मागा.
3. आपल्या हाताने नेमके कोणते काम होणार? भारतात ज्याची परवानगी नाही, ते तिथेही करायचे नाही.
4. डॉक्टर-नर्स असल्यास तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी कोण करून देणार? व्हिसा कोणता? अनेक देशांत पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही चालत नाही.
5. रुग्णांचे फोटो काढण्याबाबत नियम काय? संमतीशिवाय फोटो नाही, हेच उत्तर हवे.
6. आपण परतल्यावर ते काम कोण करणार?

यातल्या एकाही प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर कर्ज काढू नका.

ती मुलगी आता दर शनिवारी जिल्हा रुग्णालयात बसते. खेड्यातून आलेल्यांना केसपेपर काढून देते, कोणत्या ओपीडीत जायचे ते सांगते, योजनेचे अर्ज भरून देते. शिवाय सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची माहिती काढते आहे. परदेशी जायचा विचार तिने सोडलेला नाही. पाच वर्षांनी ती जाईल, तेव्हा तिच्याकडे द्यायला काहीतरी असेल.