गुरांची शस्त्रक्रिया आणि भुलीचे अपाय

बैलाच्या शिंगाला कर्करोग झाला म्हणजे ते शिंग वेळीच मुळापासून काढून टाकावे लागते. परंतु शस्त्रक्रियेचे नाव निघताच पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती भुलीची. जनावर भुलीतून उठेल ना? शंका अनाठायी नाही. मात्र धोका बहुधा भलत्याच ठिकाणी शोधला जातो. औषध ‘मानवले नाही’ असे सरसकट म्हटले जाते. खरी ॲलर्जी, म्हणजे अंगावर गांधी उठणे, पापण्या सुजणे, श्वास कोंडणे, गुरांत क्वचितच होते. झाली तर बहुधा काही मिनिटांतच दिसते व पशुवैद्य ॲड्रेनॅलिन टोचून ती आवरू शकतात.

याहून मोठा धोका भरल्या पोटाचा आहे. मोठ्या गुराच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तेथे चारा आंबून सतत वायू होत असतो व जनावर तो ढेकरेवाटे बाहेर टाकते. गुंगीत कुशीवर पडले की ढेकर अडते, पोट फुगते आणि फुप्फुसांवर दाब येतो. पोटातील पातळ चारा घशाशी येऊन श्वासनलिकेत उतरण्याचेही भय असते. म्हणून मोठ्या गुराला सुमारे २४ तास चारा व १२ तास पाणी बंद ठेवण्यास सांगतात. मुके जनावर उपाशी पाहवत नाही म्हणून कोणी रात्री हळूच घमेलेभर पेंड पुढे करतो आणि सकाळी पशुवैद्यांना सांगत नाही! ही दया बैलाच्या जिवावर बेतू शकते. दूधपित्या वासराला मात्र इतका उपास घालावयाचा नसतो.

शक्यतो जनावर उभे ठेवून तेवढाच भाग बधिर करणे बरे. शिंगासाठी डोळा व शिंगाचे मूळ यांच्या दरम्यान लिग्नोकेन टोचतात. हे औषध १९४८ पासून वापरात आहे. शेळ्या-करडांत मात्र त्याचा हिशेब वजनावरून काटेकोर करावा लागतो; जास्त झाल्यास झटके येतात.

गुंगीसाठी वापरले जाणारे झायलाझिन गुरांना फार लागू पडते. घोड्याच्या मात्रेचा सुमारे दहावा हिस्सा त्यांना पुरतो. त्याने नाडी मंदावते, लाळ गळते. गाभण गाय शेवटच्या महिन्यांत असल्यास वेळेआधी विण्याची भीती असते. गाय किती महिन्यांची गाभण आहे आणि पूर्वीच्या एखाद्या सुईने त्रास झाला होता काय, हे मालकाने विचारण्यापूर्वीच सांगावे.

शस्त्रक्रियेनंतर जनावरास सावलीत छातीवर बसते करावे. ते कुशीवरच राहिल्यास मानेखाली गवताचे पोते द्यावे व तोंड उतरते ठेवावे, म्हणजे लाळ बाहेर पडेल. नीट उभे राहीपर्यंत पाणी पाजू नये. दुभत्या जनावराचे दूध केव्हापासून वापरावे, हे पशुवैद्यांना विचारून घ्यावे.