बिअर आंबविण्याचें पोलादी पात्र
अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें घरीं पिण्यापुरती केलेली बिअर करमुक्त झाली. ती आंबविण्यास प्लॅस्टिकचें पिंप स्वस्त खरें. पण घांसतांना त्यास चरे पडतात, चऱ्यांत जंतु दडतात आणि सारी मेहनत आंबट होते. कांचेची भरलेली बरणी हातून निसटली, तर माणूसच जायबंदी व्हावयाचा! स्टेनलेस पोलादास ही भीति नाहीं. मात्र सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेलें घ्यावें. आंतल्या सांध्यावरून बोट फिरवावें. खरखरीत लागल्यास सौदा मोडावा. १९ लिटर बिअरसाठीं २५ लिटरांचें पात्र हवें, कारण फेंस वर चढतो. निमुळत्या तळांतून यीस्टचा गाळ तोटीनें काढतां येतो, पण तो थाट महागाचा. क्लोरिनचें पाणी रात्रभर आंत ठेवूं नये. पोलादासही त्यानें खड्डे पडतात.