निक सॅबन पर्वातील सर्वोत्तम आक्रमक कोण?

अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक निक सॅबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. २००७ ते २०२३ या सतरा हंगामांत त्यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. या पर्वातील सर्वोत्तम आक्रमक खेळाडू कोण, हा वाद तेथील क्रीडारसिकांमध्ये अजूनही रंगतो. वरकरणी हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र खेळाडूचे मोठेपण कोणत्या मापाने मोजावे, हा त्यातील खरा मुद्दा आहे.

खेळ निराळा, मोजमापही निराळे

गोव्यात ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्याहून हा खेळ अगदी भिन्न आहे. मैदानावर खेळाडू अकराच असतात; पण आक्रमण करणारे आणि बचाव करणारे खेळाडू सहसा वेगळे असतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात असतो, त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेला की टचडाऊन होतो आणि सहा गुण मिळतात. आक्रमणाचे सूत्रधारपद क्वार्टरबॅककडे असते. तो चेंडू एकतर रनिंग बॅकच्या हाती सोपवतो, नाहीतर दूर धावत गेलेल्या रिसिव्हरकडे फेकतो. पहिला गर्दीतून वाट काढतो, दुसरा मोकळ्या जागेत झेल घेतो. दोघांच्या यार्डांची बेरीज शेजारी मांडून तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते.

महाविद्यालयीन फुटबॉलमधील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून हाइसमन करंडक दिला जातो. सॅबन येण्यापूर्वी अलाबामाच्या एकाही खेळाडूला तो मिळाला नव्हता. त्यांच्या काळात तो चौघांना मिळाला: मार्क इंग्रम (२००९), डेरिक हेन्री (२०१५), डिव्हॉन्टा स्मिथ (२०२०) आणि ब्राइस यंग (२०२१).

एका पर्वाचे दोन भाग

सॅबन मूळचे बचावाचे प्रशिक्षक. त्यांच्या पहिल्या काही वर्षांत अलाबामाचा भर भक्कम बचाव आणि चेंडू हाती घेऊन धावणे यांवर होता. नोव्हेंबर २०११ मध्ये लुइझियाना स्टेटविरुद्धचा सामना अलाबामाने जादा वेळेत ६-९ असा गमावला. त्यात दोन्ही संघांना मिळून एकही टचडाऊन करता आला नाही. पुढे देशभर वेगवान आणि फेकीवर आधारलेल्या खेळाची लाट आली. सॅबन यांनी या वेगाविषयी उघड नाराजी व्यक्त केली होती. तरीही २०१४ मध्ये लेन किफिन यांच्याकडे आक्रमणाची सूत्रे देऊन त्यांनी स्वतःची पद्धत बदलली. २०२० च्या हंगामातील अंतिम सामना अलाबामाने ओहायो स्टेटविरुद्ध ५२-२४ असा जिंकला. ६-९ ते ५२-२४ हा प्रवास ध्यानात घेतल्याशिवाय या वादाचा निवाडा करता येत नाही.

हेन्रीचा दावा

सुमारे ११० किलो वजनाच्या डेरिक हेन्रीने २०१५ मध्ये ३९५ वेळा चेंडू वाहून नेत २,२१९ यार्ड आणि २८ टचडाऊन नोंदवले. हर्शेल वॉकरने १९८१ मध्ये केलेला साउथइस्टर्न परिषदेचा १,८९१ यार्डांचा विक्रम त्याने मोडला. ऑबर्नविरुद्ध ४६ आणि पुढच्याच शनिवारी फ्लोरिडाविरुद्ध ४४ वेळा चेंडू त्याच्या हाती देण्यात आला. म्हणजे दोन सामन्यांत नव्वद वेळा त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीवर धडक दिली. संघाने इतका भार क्वचितच कुणा एकावर टाकला असेल.

त्याचा प्रभाव केवळ यार्डांपुरता नव्हता. उपांत्य सामन्यात मिशिगन स्टेटने त्याला ७५ यार्डांवर रोखले, पण सगळे लक्ष त्याच्यावर एकवटल्याने फेकीचा मार्ग मोकळा झाला आणि अलाबामाने ३८-० असा विजय मिळवला. अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध त्याने १५८ यार्ड आणि तीन टचडाऊन केले. विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमाई करण्याची मुभा जुलै २०२१ मध्ये मिळाली. हेन्रीच्या वाट्याला शिष्यवृत्तीपलीकडे आला तो मानच. अशा खेळाडूंचे स्थान नीट ठरवणे म्हणूनच निव्वळ करमणूक ठरत नाही.

स्मिथचा दावा

डिव्हॉन्टा स्मिथ हेन्रीच्या अगदी उलट बांध्याचा. वजन ऐंशी किलोच्याही आत. २०१७ च्या हंगामाचा अंतिम सामना जॉर्जियाविरुद्ध जादा वेळेत गेला आणि दुसऱ्या प्रयत्नात २६ यार्डांची गरज असताना टुआ टागोवायलोआने चेंडू दूरवर फेकला. तो झेलून ४१ यार्डांचा विजयी टचडाऊन करणारा स्मिथ तेव्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता.

दोन वर्षांनी जेरी ज्यूडी आणि हेन्री रग्ज हे सहकारी व्यावसायिक फुटबॉलकडे वळले. स्मिथ मात्र शेवटच्या वर्षासाठी थांबला. २०२० मध्ये त्याने ११७ झेल, १,८५६ यार्ड आणि झेलांतून २३ टचडाऊन अशी कामगिरी केली. १९९१ मधील डेस्मंड हॉवर्डनंतर हाइसमन करंडक मिळवणारा तो पहिलाच रिसिव्हर.

त्याला मॅक जोन्ससारखा फेकणारा, नाजी हॅरिससारखा धावणारा आणि उत्कृष्ट संरक्षक फळी लाभली, हा आक्षेप रास्त आहे. मात्र दुसरा प्रमुख रिसिव्हर जेलन वॉडल ऑक्टोबरमध्येच जखमी झाला. त्यानंतर प्रत्येक बचावाची नजर स्मिथवर खिळली, तरी तो थांबला नाही. अंतिम सामन्यात १२ झेल, २१५ यार्ड आणि तीन टचडाऊन हे सारे त्याने पूर्वार्धातच केले. उत्तरार्धाच्या प्रारंभी हाताच्या दुखापतीमुळे त्याला मैदान सोडावे लागले.

निवाडा

इतरांचे दावेही दुबळे नाहीत. अमारी कूपरने २०१४ मध्ये १२४ झेल घेतले. यंगने २०२१ मध्ये ४,८७२ यार्ड आणि ४७ टचडाऊनच्या फेकी केल्या. पण त्या हंगामात त्याला राष्ट्रीय विजेतेपदाने हुलकावणी दिली.

एकाच हंगामात संघाला खांद्यावर कोणी वाहिले, असे विचाराल तर उत्तर हेन्री. मात्र प्रश्न पर्वाचा आहे, आणि सॅबन पर्वाचे वैशिष्ट्य बदल पचवून पुन्हा शिखर गाठण्यात आहे. दोन विजेतेपदांच्या अंतिम सामन्यांवर ठसा उमटवणारा आणि बदललेल्या खेळाला पूर्णत्वाला नेणारा स्मिथ म्हणूनच काकणभर सरस ठरतो. हेन्रीने सॅबन यांच्या जुन्या पद्धतीचा कळस गाठला. स्मिथने ती पद्धत सोडण्याचा त्यांचा निर्णय योग्य ठरवला.