कैरीचे हमस

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत, विशेषतः बिंबाजी भोसले १७५८ च्या सुमारास रतनपूरला आल्यानंतर, अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगढात स्थिरावली. रायपूरच्या बूढापारा भागातील मराठी स्वयंपाकघरांत शेजारधर्माने चिला आणि फरा आले, परंतु चैत्रगौरीसमोरील आंबेडाळ व पन्हे यांना पर्याय निर्माण झाला नाही. अडचण वयाची आहे. आंबेडाळ म्हणजे भिजवून भरड वाटलेली कच्ची हरभऱ्याची डाळ; वडीलधाऱ्यांना ती प्रिय असली तरी दातांना व पोटाला सोसत नाही. सासूबाई नैवेद्याची वाटी हातात घेऊन तशीच खाली ठेवू लागल्या, तेव्हा आमच्या घरी कैरीचे हमस प्रथम झाले.

अरबी भाषेत ‘हमस’ म्हणजे हरभराच. शिजवलेले काबुली चणे, तिळाचे वाटण (ताहिनी), लिंबू आणि लसूण एवढाच त्याचा संसार. त्याच्या मालकीवरून लेबनॉन व इस्रायल यांच्यात वाद रंगला आणि मे २०१० मध्ये लेबनॉनने १० हजार ४५२ किलोंचे हमस करून विक्रम नोंदविला. हा आकडा त्या देशाच्या चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळाइतकाच निवडला होता! हमसमध्ये अन्य स्वाद मिसळणे म्हणजे भेसळ, असे मानणारेही आहेत. तथापि मध्ययुगीन कैरोतील पाककृतींमध्ये वाटलेल्या हरभऱ्यात सिरका आणि सुगंधी पाने पडतच होती. तेव्हा आपण कैरी घातली तर बिघडले कोठे?

एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवावेत. सकाळी पाणी बदलून, पाव चमचा खाण्याचा सोडा घालून कुकरमध्ये बोटाने सहज चिरडतील इतके मऊ शिजवावेत. येथे घाई केल्यास मिक्सर कितीही फिरवला तरी हमस रवाळच राहते. पांढरे तीळ पाव वाटी घेऊन मंद आचेवर जेमतेम गरम करावेत. ते तांबूस झाले की कडवटपणा येतो. थोड्या तेलासह ते अगदी मऊ वाटावेत. लसणाची एक पाकळी ठेचून दहा मिनिटे लिंबाच्या रसात ठेवल्यास तिचा उग्रपणा कमी होतो. तिळाच्या वाटणात हा रस व बर्फाचे पाणी थोडे थोडे घालावे. मिश्रण आधी घट्ट होईल, मग सैल व पांढरेशुभ्र होईल. त्यानंतरच कोमट चणे व मीठ घालून पुन्हा वाटावे.

कैरीच्या हमसासाठी लिंबू निम्मे करून दोन मोठे चमचे कैरीचा कीस, एक हिरवी मिरची आणि चिमूटभर साखर घालावी. ऑलिव्ह तेलाऐवजी वरून मोहरी-हिंगाची गार केलेली फोडणी द्यावी. आंबेडाळीची ओळख त्या फोडणीत आहे, असे माझे मत. बिटाचे हमस रंगाने देखणे होते. मात्र उकडलेले बीट पाणी सोडते, म्हणून बर्फाचे पाणी कमी करून मीठ व आंबट पुन्हा चाखून पाहावे. गॅसवर भाजून सोललेली लाल ढोबळी मिरचीही उत्तम. चॉकलेटचे हमस परदेशात मिळते. त्याची शिफारस करण्याचे धाडस होत नाही.

हळदीकुंकवाच्या ओटीत आलेले भिजवलेले देशी हरभरे उरतात, त्यांचेही हमस होते. साल जाड असल्याने ते अधिक वेळ शिजवून, चोळून साले काढावी लागतात. रंग मातकट येतो, चव मात्र खमंग.

विकतच्या हमसात असणारे परिरक्षक येथे नाहीत, म्हणून झाकणबंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावे. रायपूरच्या उन्हाळ्यात तासाभराहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. तिळाची अॅलर्जी असणाऱ्या पाहुण्यांना आधी विचारून घ्यावे. सोबत काकडी, भाजलेली भाकरी किंवा तांदळाच्या पिठाचा गरम चिला द्यावा. सासूबाई चिलाच पसंत करतात, आणि फोडणी थोडी जास्त मागतात.